इंग्रिडचे लग्न

देरा, दुबई
शुक्रवार, २ मार्च २००१

सौ. स्मिता विलास ओगले यांस,

वडील बहिणीला पत्र लिहिताना आरंभी नमस्कार लिहायचा, हे आण्णांनी आपल्या दोघींना एकाच पाटीवर शिकवले होते. आज मी तो लिहीत नाही. विसरले, असे समजू नकोस.

तुझ्या काचेच्या कपाटात निळ्या मखमलीच्या पेटीत चांदीच्या मुठीची, मधोमध फट असलेली एक चपटी सुरी आहे. नॉर्वेतले लोक तिने चीजचे पातळ काप काढतात. तू तिने बटाट्याचे काप काढलेस आणि शेजारच्या शुभ्राला बोलावून दाखवलेस. ती वस्तू तुझी नाही. तो इंग्रिडच्या लग्नाचा आहेर आहे. इंग्रिडचे लग्न झालेले नाही, कारण या दुबईत इंग्रिड म्हणून जी कोणी आहे ती मी आहे, आणि मी अविवाहित आहे.

हे पत्र मी हव्वाबीच्या हाती देत आहे. पोस्टाने पाठवले असते तर ते भाऊजींच्या कंपनीच्या पेटीत पडले असते, कारण या देशात पत्र घरापर्यंत येत नाही, पेटी क्रमांकापर्यंतच येते. आणि तुझा पेटी क्रमांक म्हणजे तुझ्या नवऱ्याचा पेटी क्रमांक. हव्वाबी सकाळी तुमच्याकडे पोळ्या लाटायला येते आणि दुपारी आमच्या इमारतीतल्या नर्सबायकांकडे. पिठाच्या पिशवीत तिने हे आणले असेल. चुरगळले असेल तर माफी मागणार नाही.

तू म्हणशील, हे सारे मला ठाऊक आहे. नाही. स्वयंपाकघरातून ऐकू येते तेवढेच तुला ठाऊक आहे.

मी इथे आले त्याआधी भाऊजींच्या ऑफिसात इंग्रिड नावाची एक जर्मन बाई काही महिने कामाला होती. उन्हाळा सोसला नाही म्हणून ती निघून गेली. नॉर्वेतल्या बर्गनची पंप बनवणारी जी कंपनी आहे, जिचा माल हे लोक इथल्या जहाजांना विकतात, ती कंपनी तिच्या पत्रव्यवहारावर खूश होती. मी तिच्या खुर्चीत बसले त्या दिवशी भाऊजी म्हणाले, "सही तीच राहू दे. तुझं नाव त्यांना वाचता यायचं नाही. आणि इंडियन नाव दिसलं की ते भावाच्या आधी शंका विचारतात." मी मान हलवली. मी मराठी माध्यमातली. लिहिताना माझे इंग्रजी कधी चुकले नाही, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. फोन ऑफिस-गोदाम दोन्ही सांभाळणारा राजन घेणार आणि "इंग्रिड मीटिंगमध्ये आहे" असे सांगणार, हे ठरले तेव्हा मला हायसेच वाटले.

त्यानंतर बर्गनला गेलेली प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक तक्रार, प्रत्येक तोडगा मी लिहिला. ओमानच्या बोटीवर चुकीच्या मापाचे व्हॉल्व्ह चढण्यापूर्वी ती चूक कोणाच्या लक्षात आली, हे भाऊजींना विचार. बर्गनच्या लोकांनी आता शहराबाहेर जबल अली बंदरात स्वतःचे ऑफिस उघडायचे ठरवले, तेव्हा ऑर्डर विभाग सांभाळायला त्यांनी पहिले बोलावणे कोणाला पाठवले, हेही विचार. इंग्रिडला पाठवले, ताई. डिसेंबरात. आणि भाऊजींनी इंग्रिडच्या सहीनिशी उत्तर धाडले की माझे लग्न ठरले आहे, मी जर्मनीला परत जात आहे. मला सांगितले की ईमेलचे ते खाते बंद झाले, आता तू रास अल खोरच्या गोदामात साठ्याचा हिशेब बघ. दोन महिने मी धुळीत बसून पेट्या मोजत होते आणि मला वाटत होते की माझ्याच हातून काही चुकले असावे.

तुझ्या धाकट्या केयाने बर्गनहून आहेरासोबत आलेले ते भेटकार्ड हाती घेतले नसते तर मी अजून मोजतच बसले असते. "मम्मी, हू इज इंग्रिड? शी गॉट मॅरीड," असे ती बोलली तेव्हा तू फोडणी घालत होतीस. भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले नाही. मी विचारले, पुन्हा विचारले, आणि आयुष्यात प्रथमच मोठ्या आवाजात विचारले. तेव्हा ते जे म्हणाले ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण त्यांना वाटते की त्यांनी मोठे समंजसपणाचे वाक्य उच्चारले: "या स्मितालाच विचार. माहेरची आशा. लग्नात मी तांदळात अंगठीनं स्मिता लिहिलं. काय बिघडलं तिचं? नाव म्हणजे हाक मारायची सोय गं."

त्यांच्यावर माझा राग आहेच. पण मी घर सोडले ते त्यांच्या वाक्यामुळे नाही. तू कढईतली नजर न काढता म्हणालीस, "तुझं नाव कुठे होतं त्यात? मग तुझं गेलं काय?"

ते वाक्य मी पुन:पुन्हा उलटून पाहिले. त्याला कुठूनही दया सापडत नाही.

बर्गनच्या इंगरबाई पाडव्याच्या सुमारास दुबईला येत आहेत. जबल अलीची जागा अजून भरलेली नाही. भाऊजींनी त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावे की इंग्रिड कोण. एवढेच मागते. भाऊजींना हे तूच सांगू शकतेस.

विभावरी गुणवंत देशिंगकर
(पूर्ण नाव लिहिले आहे. सध्या मला त्याची गरज भासते.)


देरा
मंगळवार, ६ मार्च २००१

ताई,

उत्तर म्हणून तू डबा पाठवलास. मेतकूट आणि भाजणीची थालीपिठे. हव्वाबी उंबऱ्यावरच म्हणाली, "अगो, रडत होती तुजी भैन. खा नि गप रव." थालीपिठे मी खोलीतल्या नर्सबायकांना दिली. त्यांना आवडली. मी एकही खाल्ले नाही.

डबा रिकामा परत पाठवत आहे. आपल्याकडे तो रिकामा पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे मला ठाऊक आहे. आई असती तर तिने माझा हात धरला असता. आई नाही, म्हणून रिकामा.

इंगरबाई कोण हे तुला माहीत नाही, कारण तू कधी विचारले नाहीस. संध्याकाळी मी घरी आले की तू विचारायचीस, "केयाला आणलंस का? दूध आणलंस का?" हे प्रश्नही आवश्यकच होते. मी ते आणत असे.

त्या बर्गनच्या कंपनीच्या निर्यात विभागाच्या प्रमुख आहेत. पहिल्या वर्षीच त्यांनी लिहिले की इंग्रिड आणि इंगर ही एकाच कुळातली नावे आहेत; त्यांच्या आजीचे नाव इंग्रिड होते, आईचे इंगा, आणि त्यांच्यापर्यंत येताना ते इंगर झाले. जर्मनीत जा, डेन्मार्कमध्ये जा, स्वीडनमध्ये जा, हे नाव दारात उभे राहिले की त्याला कोणी परके म्हणत नाही. फार तर थोडा उच्चार बदलून घरात घेतात. मला हे वाचून कुतूहल वाटले. ग्रंथालयात जाऊन मी जाडजूड कोश काढून पाहिला. इंग म्हणजे त्यांचा कोणी प्राचीन देव, आणि उरलेल्या अर्ध्या नावाचा अर्थ सुंदर. हजार वर्षांपूर्वीच्या राण्यांचे हे नाव. त्याचा उच्चार बदलला, पण ते कोणी पुसले नाही. आजीने नातीला दिले, नातीने पुढे नेले.

हे वाचले त्या दिवशी मला तुझी आठवण झाली होती. आईने तुझे नाव आशा का ठेवले, हे तुला आठवते? तुझ्याआधीची दोन मुले गेली होती. तिसऱ्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत तिने स्वतःच ते नाव ठरवले आणि आत्याला फक्त कानात सांगायला दिले. ते नाव भाऊजींनी एका ताटात अंगठी फिरवून संपवले, आणि तुला त्याचे काही वाटले नाही. निदान तू तसे दाखवले नाहीस. आणि आता तू मला तेच शिकवतेस.

इंगरबाईंच्या आई वारल्या तेव्हा त्यांनी मला कळवले. मला म्हणजे इंग्रिडला. मी उत्तर लिहिले. काय लिहिले ते तुला सांगणार नाही. ते आईबद्दल होते आणि त्याखाली दुसरीची सही होती, एवढेच सांगते.

अजून वेळ आहे. भाऊजींशी बोल.

वि.


रास अल खोर
बुधवार, १४ मार्च २००१

ताई,

काल तुझे यजमान गोदामात आले होते. तू पाठवलेस की ते आपण होऊन आले, ते कळले नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने मला चहा आणून दिला, यावरून काम नाजूक असावे असे मी ओळखले.

ते बराच वेळ बोलले. सारे लिहीत बसत नाही. मालक तापट आहेत, बर्गनची एजन्सी गेली तर माझी नोकरी जाईल, नोकरी गेली की व्हिसा जाईल, इशिता सातवीत आहे, वर्षाच्या मधे मुलींना उचलून कुठे नेऊ, गावी कुरुंदवाडला? आणि माझाही व्हिसा याच कंपनीचा आहे, माझा पासपोर्ट त्यांच्याच कपाटात आहे, हे त्यांनी दमदाटीच्या सुरात सांगितले नाही. आठवण करून दिल्याच्या सुरात सांगितले. त्यांना ते सूर छान जमतात.

मी विचारले की मला न विचारता माझे लग्न का लावून दिलेत. त्यावर ते हसले. खरेच हसले, ताई. म्हणाले, "अगं, लग्नच लावलं ना? मारून तर नाही टाकलं. मी तर चांगला निरोप दिला तिला. बर्गनवाले खूश, आहेर पाठवला. इन्शाल्ला तुझंही खरं होईल."

राजन टेबलापाशी कागद चाळत होता. त्याला मराठी येत नाही, पण माझ्या तोंडाकडे पाहून त्याने पंखा माझ्या दिशेने फिरवला.

मग खरे कारण आले. ते इतक्या सहज आले की त्यांना ते कारण वाटतही नसावे. "आणि जबल अलीला तू रोज जाणार कशी? परत येणार कधी? केयाला बसवरून कोण आणणार? स्मिताची कंबर धरते, तुला माहीत आहे." म्हणजे इंग्रिडचे लग्न एजन्सी वाचवण्यासाठी झाले, हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे तुमच्या घरात बसच्या थांब्यापाशी उभे आहे, हातात केयाचे दप्तर घेऊन.

केयावर माझा जीव आहे. तिच्याविषयी एक शब्द मी रागाने लिहिणार नाही. पण दहावीला केंद्रात पहिली आले तेव्हा आण्णांनी मला जे पेन दिले, ते तिच्या दप्तराचा पट्टा धरण्यासाठी दिले नव्हते.

तू विचारशील, इतका राग आहे तर इंगरबाईंना तू स्वतःच का कळवत नाहीस? फॅक्स यंत्र माझ्यापासून हाताच्या अंतरावर आहे. मजकूर तयार आहे, पाठ आहे. माझ्याकडून तो गेला तर ती चहाडी ठरेल, भाऊजी रस्त्यावर येतील आणि त्यांच्यासोबत तू आणि मुली. त्यांनी स्वतः सांगितले तर ती एक चूक ठरेल आणि चुका लोक पोटात घालतात. मी तुझे घर वाचवण्याचा मार्ग तुझ्याच हातात ठेवला आहे आणि तू मला मेतकूट पाठवतेस.

वि.


देरा
शनिवार, २४ मार्च २००१

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन ओळींची. "पाडव्याला घरी ये. नॉर्वेच्या बाई जेवायला येणार आहेत. पुरणपोळ्या करायच्या आहेत, वाढायला हात हवेत. हे म्हणतात की तू फक्त माझी बहीण म्हणून ये, बाकी काही बोलू नको."

मी ही चिठ्ठी खिडकीत उभी राहून वाचली. खाली खाडीवर लाकडी गलबतांत फ्रिज आणि टायर चढवत होते.

वाढायला हात हवेत.

ज्या बाईंना तीन वर्षे माझ्या हातांनी लिहिले, त्यांच्या पानात त्याच हातांनी मी तूप वाढावे, आणि त्यांनी "थँक यू" म्हटले की मान खाली घालून आत जावे, अशी तुमच्या दोघांची योजना आहे. आणि जेवताना त्या मोठ्या प्रेमाने विचारतील की इंग्रिडचे कसे चालले आहे. तेव्हा मी कोठे बघायचे? कढईकडे? ते तुला चांगले येते. मला शिकवायला हवे होतेस.

मला तुझे लग्न आठवते. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि करवली म्हणून तुझ्या मागे उभी होते. भाऊजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिले तेव्हा मी तुझ्या खांद्यावरून वाकून वाचले. स्मिता. मला वाटले त्यांची काही चूक झाली. मी तुला कोपराने ढोसले, आठवते का? तू माझा हात दाबलास. तेवढ्यात कोणीतरी ताट उचलले, तांदूळ सरकले आणि तेथे काहीच उरले नाही. पण नाव राहिले. पंक्तीत आण्णांनी सवयीने "आशा, इकडे ये गं" म्हणून हाक मारली, तर तुझ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "स्मिता म्हणा आता, व्याही." लोक हसले. आण्णाही हसले. त्यानंतर शेवटपर्यंत आण्णांनी तुला नावाने हाक मारली नाही. ना आशा, ना स्मिता. "अगं", एवढेच म्हणत. तुझ्या लक्षात आले होते का? माझ्या आले होते.

मी पाडव्याला येणार नाही. मी येईन तर माझ्या नावाने येईन, आणि तसे बोलावणे तुझ्या चिठ्ठीत नाही.

इंगरबाई गुरुवारी परत जाणार आहेत. तोवर भाऊजींनी सांगितले नाही, तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाईल आणि मी त्या गोदामात पेट्या मोजत राहीन. फॅक्स मी पाठवणार नाही. तुला ते ठाऊक आहे, म्हणूनच तू इतकी निश्चिंत आहेस. तुझ्या निश्चिंतपणाचा मला जितका संताप येतो तितका भाऊजींच्या कारस्थानाचाही येत नाही.

विभावरी


देरा
बुधवार, २८ मार्च २००१

ताई,

हव्वाबी काल दुपारी आली तेव्हा तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. पाडव्याला ती दिवसभर तुझ्याकडे पोळ्या लाटत होती, म्हणजे तिने जे पाहिले ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले. ती इंग्रजी जाणत नाही. तेव्हा मी जे लिहीत आहे ते तिने सांगितले तसे आहे. चुकले असेल तर तू दुरुस्त कर. करशील असे वाटत नाही.

ती म्हणाली की गोऱ्या बाई उंच, केस पांढरे, आणि पुरणपोळी हाताने खात होत्या. कैरीची डाळ त्यांना तिखट लागली. भाऊजी फार हसत होते. मग तू काकडीचे काप घेऊन बाहेर आलीस, आणि ताटलीत ती सुरी तशीच होती. बाईंनी ती ओळखली. उचलून मूठ उलटी करून पाहिली आणि काहीतरी विचारले. भाऊजींनी चटकन उत्तर दिले. हव्वाबीला त्यातले "इंग्रिड" आणि "गिफ्ट" एवढेच कळले. मला पुढचे आपोआप कळले: इंग्रिडने जाताना आठवण म्हणून आम्हाला दिली, असे काहीतरी.

"मग तुजी भैन," हव्वाबी म्हणाली, "ताटली ठेवून तिथंच उभी रवली. मला वाटलं काही हवं. तर ती बोलायलाच लागली. हळू बोलत होती, पण थांबत नव्हती. तुजं नाव घेतलंन. दोनदा घेतलंन. साहेब म्हणाले, स्मिता, आत जा. ती गेली नाय."

हव्वाबीने मग पोलपाट काढला, पीठ काढले आणि मला ताटकळत ठेवले. तिला ठाऊक होते की पुढचेच महत्त्वाचे आहे.

"मग त्या गोऱ्या बायनं तुज्या भैनीकडं बघून काय विचारलंन कोण जाणे. तर ही म्हणते, आशा. मी म्हटलं, आता ही आशा कोण मध्येच? साहेबांचं तोंड असं झालं जसं काय दुसरीच बाय घरात शिरली."

ताई, मी हे ऐकले आणि मला आनंद झाला नाही. मला हे तुला सांगायलाच हवे. मला आनंद व्हायला हवा होता, आणि त्याऐवजी मी हव्वाबीवरच ओरडले की हे तू आधी का सांगितले नाहीस. ती म्हणाली, आधी म्हणजे कधी, आत्ताच तर आले.

तू हे बोलू शकत होतीस. सदैव बोलू शकत होतीस. तुला इंग्रजी वाक्ये जुळवता येतात, तुला भाऊजींसमोर उभे राहता येते, तुला ते नाव आठवते. फोडणीच्या दिवशी तू मला म्हणाली होतीस, तुझे गेले काय. तेव्हाही तुला हे सारे येत होते. मग ते वाक्य मला का ऐकवलेस? एका परक्या बाईला जे दोन मिनिटांत दिलेस, ते मला महिनाभर मागायला का लावलेस?

आज सकाळी गोदामात फोन वाजला. राजनने उचलला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, आपके लिए. नाम पूछ रही हैं आपका." मी फोन घेतला. इंगरबाईंनी विचारले, कोण बोलते आहे? मी सांगितले. पूर्ण नाव, माझ्याच तोंडाने, इंग्रजीत.

उद्या जाण्याआधी त्या मला भेटणार आहेत.

विभावरी


देरा
गुरुवार, १२ एप्रिल २००१

आशाताई,

हे पत्र शेवटचे नाही, पण या प्रकारचे शेवटचे आहे.

त्या दिवशी इंगरबाई हॉटेलच्या खालच्या दालनात भेटल्या. मी कल्पिले होते की त्या मला जवळ घेतील. त्यांनी बसायलाही सांगितले नाही, मी आपण होऊन बसले. त्या रागावलेल्या होत्या. तुझ्यासारख्या गप्प नाही, माझ्यासारख्या पत्रातून नाही, समोरासमोर. त्यांनी विचारले की ओगल्यांनी खोटे सांगितले हे मला समजले, पण तीन वर्षे सही कोणी केली? मी म्हटले, मी केली. मग त्या म्हणाल्या, "माझी आई गेली ते मी इंग्रिडला लिहिलं होतं. मी कुणाला लिहिलं होतं?"

मी म्हटले, "मला."

त्या म्हणाल्या की त्या उत्तराखाली कोणाचेही नाव असो, ते लिहिणारीला आई नव्हती, हे मला तेव्हाच समजले होते. मात्र मला फसवलेले आवडत नाही. जागा हवी असेल तर इतरांसारखा अर्ज करा, इतरांसारखी परीक्षा द्या. इंग्रिडला दिलेले बोलावणे तुम्हाला लागू नाही.

ते योग्यच होते. मला ते फार लागले, आणि ते योग्यच होते.

मी अर्ज केला. परीक्षा दिली. परवा कळले की सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर मला घेतले आहे. इंगरबाईंनी बर्गनहून फोन केला आणि विचारले की तुमचे नाव लांब आहे, विभा म्हटले तर चालेल का? मी म्हटले, नाही. मग त्यांनी ती चारही अक्षरे माझ्यामागून म्हटली. तिसऱ्या अक्षराशी अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. अर्थ विचारला. मी सांगितले, रात्र. त्या म्हणाल्या, आमच्याकडे हिवाळ्यात ती फार मोठी असते.

पासपोर्ट मिळाला. मालकांनी भाऊजींना दोन दिवस फैलावर घेतले, असे राजनकडून कळले, पण नोकरी राहिली आणि एजन्सीही वर्षअखेरपर्यंत राहील. तुझे घर शाबूत आहे. पासपोर्ट देताना भाऊजी म्हणाले, "खलास? झालं ना तुझ्या मनासारखं? आता स्मिता माझ्याशी बोलत नाही." मी म्हटले, ती माझ्याशीही बोलत नाही, आपण दोघे समदुःखी आहोत. त्यांना ते आवडले नाही.

खरेच, तू का बोलत नाहीस? तू पाडव्याला जे केलेस त्याबद्दल मी तुझे आभार मानावेत, अशी वाट पाहत असशील तर पाहू नकोस. आभार मी मानणार नाही. माझे नाव तू मला दिले नाहीस. ते माझेच होते, तू फक्त वाटेतून बाजूला झालीस. पण त्या टेबलाशी उभी राहून तू जे दुसरे नाव घेतलेस, ते घ्यायला तुला कोणीही सांगितले नव्हते. ते मी मागितले नव्हते. त्याचा हिशेब माझ्या रागात बसत नाही, आणि गेले पंधरा दिवस मी तो बसवण्याचा प्रयत्न करत आहे.

केयाला भेटायला मी शुक्रवारी येईन. बसच्या थांब्यापाशी नाही. घरी. दाराची घंटा वाजवीन. तू उघड.

सुरी बाहेर काढून ठेव. ती मी नेणार आहे. लग्नाचा आहेर म्हणून नाही. तो परत करते असे मी इंगरबाईंना म्हटले, तर त्या म्हणाल्या, राहू दे, तुम्हा दोघींपैकी कोणीतरी वापरा. तर वापरू. आळीपाळीने. तुझी पाळी झाली आहे.

आता एक गोष्ट. हे पत्र मी हव्वाबीच्या पिशवीतून पाठवत नाही. देऱ्याच्या पोस्टात जाऊन, तिकीट लावून, भाऊजींच्या कंपनीच्या पेटी क्रमांकावर टाकत आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि मराठीत, "आशा गुणवंत देशिंगकर" असे लिहिले आहे. ऑफिसात ते त्यांच्या टेबलावर येईल. राजन विचारील, साब, ये कौन है? ते काय सांगतात ते सांगोत. परत पाठवायचे तर मागच्या बाजूला माझे नाव आहे. फाडायचे तर फाडोत, मी दुसरे पाठवीन, आणि तिसरे. आणि आणायचे असेल, तर ते पाकीट हातात धरून अल मनखूलच्या तुमच्या घरापर्यंत आणावे लागेल, जिना चढावा लागेल, आणि दारात उभे राहून ते नाव उच्चारून हाक मारावी लागेल.

तू लगेच ओ देऊ नकोस. दोनदा हाक मारू दे.

तुझी धाकटी,
विभावरी